नॉबला हात लावायचा नाही

आमच्या रेंजवर एक नियम आहे आणि तो मीच केलेला आहे. सरांनी रायफल लावली की नंतर तिच्या नॉबला कोणी हात लावायचा नाही. सर म्हणजे मी. हिंगणघाटच्या एका शाळेत खेळ शिकवण्यात आणि एनसीसीची पोरं उन्हात उभी करण्यात माझी सगळी नोकरी गेली. निवृत्तीच्या बऱ्याच आधीपासून मी इथल्या एका बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडमध्ये एअर रायफलची दहा मीटरची रेंज चालवतो. शेडला पश्चिमेकडून मोठ्या खिडक्या आहेत, उन्हाळ्यात पत्रे तापतात आणि कोपऱ्यात अजूनही सरकीचा वास येतो. स्पर्धेच्या लायकीची रायफल एकच आहे, ती सगळ्यांची मिळून. बाकीच्या शिकण्यापुरत्या.

नियम मुळात वाईट नव्हता. नवशिका माणूस छर्रा डावीकडे गेला की लगेच नॉब उजवीकडे फिरवतो. पुढचा उजवीकडे गेला की पुन्हा डावीकडे. तासाभरात रायफल कुठे मारते आहे हे तिला स्वतःलाही सांगता येऊ नये, अशी गत होते. म्हणून मी ठरवलं की रायफल लावण्याचं काम माझं. मी उभा राहून काही छर्रे मारायचो, ते कागदावर कुठे पडतात ते पाहायचो, नॉब फिरवून ते काळ्या गोलाच्या मधोमध आणायचो आणि रायफल पुढच्याच्या हातात द्यायचो. छर्रा चुकला तर चूक तुझी, रायफलची नाही, असं मी वर ऐकवायचो. पोरं मान डोलवायची. मला ते फार आवडायचं, हे खोटं कशाला सांगू.

ज्यांनी अशी रायफल धरलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. या रायफलला दुर्बीण नसते. डोळ्याजवळ एक चकती असते, तिला मधोमध बारीक भोक आणि बाजूला नेम सरकवायचे नॉब. नळीच्या दुसऱ्या टोकाला फोरसाइट, आणि तिच्यात एक बारीक लोखंडी कडं. भोकातून पाहायचं, भोकाच्या मध्यात कडं आणायचं आणि कड्याच्या मध्यात टार्गेटचा काळा गोल. डोळा एका वेळी एकाच अंतरावर नीट पाहू शकतो, त्यामुळे यातलं एकच काहीतरी स्पष्ट दिसणार. ते कडं असलं पाहिजे. गोल पुसट दिसला तरी चालेल, कडं रेखीव हवं. मी हे इतक्यांना इतक्या वेळा सांगितलं आहे की आमच्या घरात बायकोलाही ते पाठ आहे.

आणि साठी जवळ आली तसं माझंच कडं पुसट झालं. एकदम नाही. आधी त्याची कड थोडी केसाळ दिसायला लागली, लोकरीचा धागा दिसतो तशी. मग एका कड्याची दोन कडी व्हायला लागली. टार्गेट मात्र लख्ख दिसायचं. म्हणजे जे पुसट हवं ते स्पष्ट, आणि जे स्पष्ट हवं ते गेलं. मी काय केलं? मी उजेडाला शिव्या दिल्या. शेडमध्ये नवीन ट्यूबलाइट बसवून घेतली. छर्र्यांचा डबा बदलला. मग डोळ्याजवळच्या चकतीचं भोक मोठं करून घेतलं, जास्त उजेड आत येईल म्हणून. तेव्हा उजेड आला आणि कडं आणखी विस्कटलं. डोळ्यांचा विचार मी सोडून सगळ्यांनी केला असावा.

चष्मा मला होता, पण तो प्रोग्रेसिव. लांबचं आणि जवळचं एकाच काचेत, आणि मधली रेघ नाही. तो मी मुद्दाम घेतला होता, कारण त्यात माणसाला चाळिशी लागल्याचं समोरच्याला कळत नाही. जो माणूस दुसऱ्यांना नजर शिकवतो त्याची नजर गेली, हे लोकांना कळावं असं मला वाटत नव्हतं. हे लिहितानाही कान गरम होत आहेत.

आमच्या रेंजवर एक बाई यायच्या. वनरक्षक होत्या, गिरडच्या डोंगराकडे त्यांचं गस्तीचं बीट. घरच्या गोंड. आईचा फोन आला की बाहेर पायरीवर जाऊन गोंडीत बोलायच्या आणि आत आल्या की आमच्या वऱ्हाडीत. रेंजवर सगळे त्यांना ताई म्हणायचे, मीसुद्धा, वयाने त्या माझ्याहून बऱ्याच लहान असून. चाळिशी उलटल्यावर रायफल हातात धरलेली बाई पुढे काही करेल असं मला वाटलं नव्हतं. पण त्या उभ्या राहिल्या की हललं तर फक्त पोट हलायचं, श्वासापुरतं. एवढा शांत हात माझ्या रेंजवर दुसऱ्या कोणाचा नव्हता. माझाही नव्हता.

त्या वर्षी ताईंची बदली झाली, पार गडचिरोलीच्या पलीकडे. ऑर्डर हातात आली त्या दिवशी त्या रेंजवर आल्या, बॅग ठेवली आणि मला म्हणाल्या, "सर, जिल्ह्याची निवड झाली की मी जॉइन होतो. तिथं रेंज नाई जी. कायीच नाई."

"मग?"

"मंग काई नाई. एक वेळ राज्याले जाऊन येऊ द्या मले. मंग कुठंही टाकू द्या."

राज्य स्पर्धेसाठी त्यांच्या वयोगटात जिल्ह्यातून मोजक्यांचीच निवड व्हायची होती. त्या सरावात जे मारत होत्या ते पाहता त्यांचं नाव नक्की होतं. पुढच्या वर्षी संधी नाही, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही. त्यांनी साहेबांकडून नव्या जागी रुजू व्हायला निवडीपर्यंतची मुदत मागून घेतली. रोज ड्यूटी संपवून गाडीने येत, खाकी शर्टावरच जॅकेट चढवत आणि अंधार पडेपर्यंत मारत.

निवडीच्या आदल्या दिवशी दुपार कलताना मी नेहमीप्रमाणे रायफल लावायला उभा राहिलो. पश्चिमेच्या खिडक्यांतून ऊन तिरपं येत होतं. कड्याची एक बाजू उजळून फुगली होती, दुसरी दिसतच नव्हती. मी दिसेल तसा गोल मध्ये धरला आणि छर्रे मारले. ते कागदावर विखुरले, मूठभर तांदूळ टाकावेत तसे. बरेचसे उजवीकडे वर. मी त्यांचा अंदाजाने मध्य काढला आणि नॉब डावीकडे, खाली फिरवले. म्हणजे माझ्या डोळ्याने केलेली चूक मी रायफलच्या गळ्यात बांधली. तेव्हा हे कळत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. कुठेतरी कळत होतं. ताई शेजारी उभ्या होत्या. त्यांना म्हणता आलं असतं की ताई, आज तुम्हीच लावून घ्या. तोंडापर्यंत आलं होतं.

"बरोबर हाये का सर?" त्यांनी विचारलं.

"एकदम. आता कोणी हात लावू नका," मी म्हणालो.

निवड वर्ध्याला होती, एका मोठ्या हॉलमध्ये. तिथले निम्मे लोक माझे जुने विद्यार्थी. कोणी पंच, कोणी प्रशिक्षक. वाकून नमस्कार झाले, चहा झाला, आणि मला फायरिंग लाइनच्या मागे, ताईंच्या अगदी पाठीशी, खुर्ची दिली गेली. स्पर्धेचे छर्रे मारण्याआधी चाचणीचे छर्रे मारता येतात. ते गुणांत धरत नाहीत. रायफल इकडेतिकडे असेल तर तेवढ्यात नॉब फिरवून घ्यायचे असतात. त्यासाठीच ते असतात.

ताईंनी चाचणीचा पहिला मारला. टार्गेटचा कागद दोरीवरून जवळ आला. डावीकडे, खाली. दुसरा तिथेच. तिसरा तिथेच. त्यांनी रायफल खाली घेतली आणि डावा हात वर आला, नॉबपर्यंत. मला तो अजून दिसतो. बोटं नॉबला टेकली असतील नसतील. मग त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

मला वाटलं, घाबरल्या आहेत. धीर मागत आहेत. मी मोठ्या माणसासारखी मान हलवली, सावकाश, म्हणजे मार, सगळं ठीक आहे. त्यांचा हात खाली आला. त्या वळल्या आणि स्पर्धेचे छर्रे सुरू केले.

संपल्यावर कागद माझ्या हातात आले. नेमबाजीत एक गोष्ट अगदी नवशिक्यालाही कळते. छर्रे विखुरले असतील तर चूक मारणाऱ्याची. एकावर एक पडले असतील, पण मध्यापासून दूर, तर मारणाऱ्याचं काही चुकलेलं नाही, रायफल चुकीची लावलेली आहे. ताईंचे छर्रे एका रुपयाच्या नाण्याखाली झाकले गेले असते. प्रत्येक कागदावर. डावीकडे, खाली. एवढं सुंदर कोणी त्या दिवशी त्या हॉलमध्ये मारलं नव्हतं, आणि ताईंचं नाव यादीत नव्हतं.

आता जे मी केलं ते सांगतो, कारण बाकी सगळं त्यापुढे काहीच नाही. परत येताना गाडीत मी मागच्या सीटवर त्यांच्या शेजारी बसलो होतो आणि कागद माझ्या मांडीवर होते. मी म्हणालो, "ताई, तुमचं ट्रिगर ओढलं जातंय. शेवटच्या क्षणी बोट वाकडं होतं. म्हणून डावीकडे."

त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. कापसाची शेतं होती. "हो जी," त्या म्हणाल्या.

त्या रात्री मला जेवण गेलं नाही. बायकोला वाटलं ताईंची निवड झाली नाही म्हणून. मी तिला तसंच वाटू दिलं.

दुसऱ्या दिवशी मी बाजारातल्या चष्म्याच्या दुकानात गेलो. दुकानदार माझ्या मुलाच्या वयाचा, डोळे तपासणारा, चांगला शिकलेला. त्याने विचारलं की तुम्हाला नेमकं काय दिसत नाही. मी म्हणालो, हातापेक्षा जरा लांबचं. तो म्हणाला, किती लांबचं, आणि दाखवा कसं पाहता ते. रायफल घेऊन बाजारातून जाणं बरं दिसलं नसतं, म्हणून मी त्याच्याच दुकानातली छत्री उचलली, टोकाला सुतळीने एक वॉशर बांधला आणि छत्री खांद्याला लावून भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्यावर नेम धरला. बाकड्यावर अल्लीपूरची एक म्हातारी डोळ्यात थेंब घालून बसली होती. तिने एक डोळा उघडून विचारलं, "याहिले काय झालं बाप्पा?" कोणी उत्तर दिलं नाही. मला ते योग्यच वाटलं.

दुकानदाराने मात्र नीट पाहिलं. माझी मान वळलेली, गाल छत्रीच्या दांड्यावर, आणि नजर चष्म्याच्या नाकाकडच्या वरच्या कोपऱ्यातून जाते आहे.

"सर, ह्या काचेत वरून लांबचं दिसते, खालून जवळचं, मधून मधलं. आन् ह्या कोपऱ्यातून कायीच धड दिसत नाई. तुमी तिथूनच पाहून राह्यले."

मग त्याने प्रोग्रेसिव बाजूला ठेवला. एकाच नंबरची काच बसवली, माझा लांबचा नंबर आणि त्यात अर्धा प्लस. म्हणाला, लांबचं थोडं पुसट होईल. मी म्हणालो, होऊ दे. मी छत्री पुन्हा खांद्याला लावली. वॉशरची कड दिसली. पूर्ण गोल, काळी, कापून काढल्यासारखी. त्याच्या पेटीत एक भोक पाडलेली काळी चकती होती, ती त्याने माझ्या डोळ्यापुढे धरली, तेव्हा कड आणखी धारदार झाली. बारीक भोकाने पुसटपणा कमी होतो, हे तो सांगत होता, आणि मी ऐकत होतो की माझं भोक मोठं करणं किती मूर्खपणाचं होतं. काचेचा मध्य नजरेसमोर येईल अशी फ्रेम वाकवून द्यायला त्याला थोडे दिवस लागले. डावा डोळा मिटून धरण्याऐवजी त्याच्यापुढे आइसक्रीमच्या डब्याच्या झाकणाचा पांढुरका तुकडा लावा, असंही त्याने सांगितलं. एक डोळा मिटून धरला की दुसऱ्यावरही ताण येतो. एवढं सोपं होतं. एका दुकानात जायचं, छत्री धरायची, आणि मला चाळिशी लागली आहे असं मोठ्याने म्हणायचं.

चष्मा आला त्या दिवशी सकाळी मी एकटाच रेंजवर गेलो. निवडीनंतर ती रायफल कोणी पेटीतून काढली नव्हती. चकतीचं भोक बारीक केलं, चष्मा लावला, उभा राहिलो. कडं स्पष्ट होतं. मला रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. मी काही छर्रे मारले आणि कागद ओढून घेतला. ते विखुरले नव्हते. एकमेकांना चिकटून पडले होते. डावीकडे, खाली. ताईंचे पडले होते अगदी त्याच जागी.

मी नॉब फिरवले. पुढचे छर्रे मध्यात गेले. त्यानंतर मारावंसं वाटलं नाही.

बदलीच्या गावी निघायच्या आधी ताई रेंजवर आल्या. जॅकेट परत करायचं होतं, ते क्लबचं होतं. त्यांनी ते धुऊन, घडी करून आणलं होतं. शेडमध्ये आम्ही दोघंच होतो. माझा नवा चष्मा टेबलावर होता, झाकणाच्या तुकड्यासकट, आणि तो मी लपवला नाही. मी सांगायला सुरुवात केली. काय बोलायचं ते घरी जुळवून आलो होतो, पण ते सगळं विसरलो. म्हणालो, "ताई, तुमचं ट्रिगर चांगलं होतं. रायफल मी चुकीची लावली. मला कडं दिसतच नव्हतं. वर्ष झालं."

"मले माहीत हाये जी," ताई म्हणाल्या.

मला वाटलं, कागद पाहून कळलं असेल. मी तसं म्हणालो.

"नाई जी. आधीपासून." त्या जॅकेटची घडी पुन्हा सारखी करत होत्या. "आमाले सगळ्याइले माहीत होतं. तुमी रायफल लावून घरी गेले का आमी नॉब फिरवून घ्यायचो. जाताना जसे होते तसे करून ठेवायचो. तुमाले वाईट वाटू नये म्हणून."

मी खुर्चीवर बसलो. वर्षभर मी संध्याकाळी रायफल लावून, हात झटकून, समाधानाने घरी जात होतो. माझ्यामागे माझी सगळी रेंज मला सांभाळून घेत होती. माझ्या वयाच्या माणसाला आपल्याला कोणी सांभाळून घेतं आहे हे कळणं फार अवघड असतं, आणि मला तर ते आवडलंच नाही. मला राग आला. लाज वाटायला लागली की मला आधी राग येतो, हा माझा जुनाच स्वभाव. मी चिडून विचारलं, "मग त्या दिवशी काऊन नाही फिरवला? चाचणीचे छर्रे होते. वेळ होता. तुमचा हात नॉबवर गेला होता, मी पाहिला."

"तुमी मांगं बसून होते नं सर."

"मग काय झालं? मी काही म्हणालो असतो का?"

त्यांनी जॅकेट टेबलावर ठेवलं. "तुमचे सारे पोरं उभे होते तिथं. तुमाले पाया लागून राह्यले होते. त्याइच्यासमोर मी तुमची रायफल कशी फिरवू जी?"

मी एवढंच म्हणालो, "तुम्हाला राज्याला जायचं होतं."

"होतं जी," ताई म्हणाल्या.